बोर्डाच्या कागदावर चाळीस टक्के, पेन्शनच्या रकान्यात निरंक

आजारपणामुळे सैन्यातून घरी पाठवलेल्या जवानाच्या फाइलमध्ये एएफएमएसएफ-१६ नावाचा फॉर्म असतो. हे नाव कुणाच्या तोंडी नसतं, सगळे त्याला ‘बोर्डाचे पेपर’ म्हणतात. बोर्ड म्हणजे जवानाला तपासणारं लष्करी डॉक्टरांचं मंडळ. पानं बरीच असतात, पण घरच्यांचं नशीब त्यातल्या शेवटाकडच्या एका तक्त्यात असतं. आजाराचं नाव. तो नोकरीमुळे झाला का? नोकरीमुळे बळावला का? अपंगत्व किती टक्के? आणि सगळ्यात शेवटी, पेन्शनसाठी धरायचे टक्के किती?

मनाच्या आजाराच्या कितीतरी फाइलींमध्ये हा तक्ता असा भरलेला असतो: नाही, नाही, ४० टक्के, कायमस्वरूपी, निरंक.

म्हणजे माणूस आजारी आहे हे सैन्याला मान्य आहे. इतका आजारी की हातात बंदूक देता येत नाही, नोकरीत ठेवता येत नाही. हा आजार जन्मभर राहणार हेही मान्य आहे. फक्त त्याचा नोकरीशी काही संबंध नाही, म्हणून पेन्शन नाही. बायको, आई, भाऊ हा कागद वाचतात तेव्हा त्यांना पहिल्यांदा वाटतं की टायपिंगची चूक झाली असेल. चूक नसते. नियमांनी तो रकाना तसाच भरला जातो, आणि ते नियम समजून घेतल्याशिवाय त्यांच्याशी भांडता येत नाही. म्हणून हा लेख.

बोर्ड दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतं, आणि घरी त्यांची गल्लत होते. पहिला प्रश्न संबंधाचा, दुसरा टक्क्यांचा. पहिल्याचं उत्तर ‘नाही’ आलं की दुसऱ्याचं उत्तर चाळीस असो नाहीतर ऐंशी, पैशाच्या बाजूने ते शून्यच. आजार नोकरीमुळे उद्भवलेला नाही आणि नोकरीमुळे बळावलेलाही नाही, या शेऱ्याला फौजेत ‘नाना’ म्हणतात. इंग्रजी आद्याक्षरांचं ते लघुरूप आहे. ‘नाना लागलं’ असं कुणी सांगितलं तर समजायचं की पहिल्या प्रश्नावरच गाडी अडली.

टक्क्यांचं गणित आधी उरकू, कारण ते सोपं आहे. १९६१ च्या सेना पेन्शन नियमावलीपासून किमान अट २० टक्क्यांची आहे. त्याखाली अपंगत्व पेन्शन नाही. पण आजारपणासाठी मुदतीआधीच घरी पाठवलं असेल, तर त्या माणसाचं अपंगत्व २० टक्क्यांच्या वर होतं असंच धरायला हवं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सुखविंदर सिंह प्रकरणात सांगितलं. त्याशिवाय जानेवारी २००१ च्या सरकारी पत्राने टक्के वर नेऊन धरण्याची सोय केली. ५० पेक्षा कमी असतील तर ५० धरायचे, ५० ते ७५ असतील तर ७५, त्यापुढे १००. ही सोय आधी फक्त आजारपणात काढलेल्यांना होती. डिसेंबर २०१४ मध्ये राम अवतार प्रकरणाच्या निकालाने ती पूर्ण नोकरी करून निवृत्त झालेल्या, पण निवृत्तीच्या वेळी अपंगत्व नोंदवलेल्या सैनिकांनाही मिळाली.

पैशात काय फरक पडतो ते पाहू. शंभर टक्के अपंगत्वाला शेवटच्या पगाराच्या ३० टक्के रक्कम मिळते. समजा शेवटचा पगार ४०,००० होता. शंभर टक्क्यांना १२,०००, आणि ४० टक्के वर नेऊन ५० धरले की ६,००० रुपये महिना, वर महागाई भत्ता. ही झाली अपंगत्वाची रक्कम. आजारपणात काढलेल्या माणसाला तिच्यासोबत सेवेची रक्कमही मिळते, पगाराच्या निम्मी, म्हणजे २०,०००. त्यासाठी नोकरी किती वर्षं झाली याची अट नाही. जवानाला साध्या पेन्शनसाठी १५ वर्षं भरावी लागतात. म्हणजे नऊ वर्षं नोकरी झालेला जवान बोर्डाने बाहेर काढला, तर त्या तक्त्यातल्या ‘हो’ आणि ‘नाही’ यांच्यातलं अंतर महिन्याला २६,००० रुपयांचं आहे, जन्मभरासाठी. ‘हो’ असेल तर घर चालतं. ‘नाही’ असेल तर बहुधा ग्रॅच्युइटीचे एकरकमी पैसे आणि तिशीतला आजारी माणूस घरी येतो.

आता खरा गुंता, संबंधाचा.

गोळी लागते तेव्हा तारीख असते, जागा असते, साक्षीदार असतात. त्याच दिवशी युनिटकडून वर संदेश जातो. मनाला लागलेल्या माराला यातलं काहीच नसतं. समजा, खटाव तालुक्यातला एक जवान आहे. राष्ट्रीय रायफल्सबरोबर काश्मीरमधल्या कुपवाड्यात दोन-अडीच वर्षं काढली. शेजारचा गडी डोळ्यांदेखत गेला. त्या काळात तो ठणठणीत होता, कारण तिथे ठणठणीत राहावंच लागतं. मग पलटण पीस स्टेशनला आली. रात्री झोप उडाली. दार जोरात आपटलं की अंगाला कापरं भरायचं. रागाचा भडका उडायचा, सुट्टीवर आला तर मुलं जवळ यायला घाबरायची. वर्षभराने सी.ओ. साहेबांनी, म्हणजे पलटणीच्या कमांडिंग ऑफिसरने, मिलिटरी हॉस्पिटलला पाठवलं. कागदावर आजाराची सुरुवात त्या शांत छावणीत झाली. बोर्डाने लिहिलं, आजार शांत ठिकाणी सुरू झाला, सेवेचा ताण दिसत नाही. निरंक.

वैद्यकशास्त्राला हा उशीर नवा नाही. व्हिएतनाम युद्धानंतर, १९८० मध्ये, अमेरिकेच्या मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिकृत पुस्तकात हा त्रास पीटीएसडी, म्हणजे आघातानंतरच्या ताणाचा आजार, या नावाने नोंदला गेला. घटनेनंतर सहा महिने उलटून गेल्यावर पूर्ण लक्षणं दिसू शकतात, हे आज पाठ्यपुस्तकातलं ज्ञान आहे. प्रसंग फील्डमध्ये, म्हणजे मोहिमेच्या भागात, आणि आजार पीसमध्ये, हा क्रम या आजारात अगदी नेहमीचा आहे. तरी ‘पीस स्टेशन’ हे दोन शब्द फाइलमध्ये दावा नाकारायला पुरेसे ठरत आले, आणि माझ्या मते हा या सगळ्या व्यवस्थेतला सर्वात मोठा अन्याय आहे.

लष्करी डॉक्टरांसाठी एक मार्गदर्शिका असते, तिच्यात मनाच्या आजारांवर स्वतंत्र परिच्छेद आहे. ती वाचली की कळतं, लिहिणाऱ्यांना जवानाचं आयुष्य ठाऊक होतं. २००८ च्या आवृत्तीप्रमाणे, दहशतवादविरोधी मोहिमा, अतिउंच आणि अतिथंड प्रदेश, समुद्रावरची सेवा, जीवितहानी झालेला गाडीचा अपघात, विमान अपघात अशा ठिकाणी किंवा प्रसंगात आजार सुरू झाला तर तो सेवेमुळे झाला असं धरायचं. पुढे आणखी बारीक विचार आहे. आईवडील गेले आणि जवान एकुलता एक मुलगा आहे, किंवा बायको, मूल दगावलं, आणि सेवेच्या निकडीमुळे त्याला सुट्टी नाकारली, तर त्यानंतर तीन महिन्यांत सुरू झालेला मनाचा आजार सेवेमुळे बळावला असं मानायचं. वडील नसलेल्या घरात एकुलत्या भावाला बहिणीच्या लग्नासाठी सुट्टी मिळाली नाही, तेही त्या यादीत आहे. आणि सगळ्यात कामाची ओळ ही: आजाराचं निदान होऊन ‘अमुक ठिकाणी पाठवू नका’ असं ठरल्यावरही जवानाला तशाच कठीण जागी पाठवलं आणि आजार वाढला, तर तो सेवेमुळे बळावला.

इतकं सगळं लिहिलेलं असताना ‘नाना’ का लागतं? कारण हे सिद्ध करणारा कागद जवानाच्या हातात नसतो. सुट्टीचा अर्ज नामंजूर झाला, पण तो तोंडी झाला असेल तर पुरावा कुठून आणायचा? मनाच्या आजारात बोर्डापुढे आणखी एक कागद जातो, एएफएमएसएफ-१०, कमांडिंग ऑफिसरचा अहवाल. जवान वागतो कसा, कामात कसा आहे, दारू पितो का, घरची अडचण आहे का, हे त्यात येतं. घरी कटकटी नाहीत असा माणूस कुठे शोधायचा? शेतीचा वाद, कर्ज, आजारी आई, सगळ्यांच्याच घरी काहीतरी असतं. पण त्या अहवालात ‘घरगुती ताण’ एवढं उतरलं की बोर्डाला तयार कारण मिळतं. कुपवाड्यातली अडीच वर्षं मागे पडतात आणि बांधावरचं भांडण पुढे येतं.

दारूचं प्रकरण याहून वाईट. झोप येत नाही म्हणून माणूस रमचा आधार घेतो, मग निदानाच्या जागी ‘मद्यावलंबन’ लिहिलं जातं. अतिमद्यपानातून आलेल्या अपंगत्वाला भरपाई देता येत नाही असं नियमच सांगतात. आधी झोप गेली की आधी दारू आली, हा प्रश्न बोर्डाच्या वेळात कुणी विचारत नाही. विचारायला हवा. घरच्यांनी तो विचारावा, लेखी विचारावा, आणि सुट्टीवर आलेल्या माणसात आधी काय बदललं ते आठवून तारखांसह लिहून द्यावं.

कायदा कुणाच्या बाजूने आहे? अपंगत्व पेन्शनचा हक्क कुणाला ते ठरवणारे १९८२ चे हक्क नियम वाचले तर आश्चर्य वाटेल इतके ते जवानाच्या बाजूने होते. भरतीच्या वेळी कागदावर आजाराची नोंद नसेल तर माणूस शरीराने आणि मनाने धडधाकट होता असं गृहीत धरायचं. पुढे प्रकृती बिघडली तर ती सेवेमुळे असं मानायचं. सिद्ध करण्याचा भार जवानावर टाकायचा नाही, आणि शंका असेल तर तिचा फायदा त्याला द्यायचा. आजार भरतीच्या वेळी ओळखता येणारा नव्हता असं डॉक्टरांचं म्हणणं असेल, तर कारणं लिहायची.

जुलै २०१३ मध्ये धर्मवीर सिंह प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच नियम ओळीओळीने वाचून दाखवले. सुमारे नऊ वर्षं नोकरी झालेल्या त्या जवानाला अपस्मारामुळे काढलं होतं. आजार ‘प्रकृतीचाच’, म्हणजे मुळातच शरीरात असलेला, आहे एवढंच बोर्डाने लिहिलं होतं, कारण दिलं नव्हतं. न्यायालयाने पेन्शन दिली. तेव्हापासून अपंगत्व पेन्शनचा खटला या निकालाशिवाय उभा राहत नाही.

मनाच्या आजारांना मात्र २०१९ मध्ये धक्का बसला. नरसिंह यादव प्रकरणात सर्वोच्च न्यायालय म्हणालं की स्किझोफ्रेनियासारखे आजार भरतीच्या तपासणीत दिसूच शकत नाहीत, म्हणून ते नंतर दिसले एवढ्यावरून सेवेमुळे झाले असं म्हणता येणार नाही. सरकारी वकील आजही हा निकाल आधी काढतात. त्याला उत्तर २०२५ च्या निकालांमध्ये आहे. त्या वर्षी मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने स्किझोफ्रेनियाच्याच एका प्रकरणात जवानाच्या बाजूने निकाल दिला, कारण बोर्डाने मत दिलं होतं पण त्यामागची कारणं दिली नव्हती. त्याच्या थोडं आधी, मार्चमध्ये, दिल्ली उच्च न्यायालयाने आजार पीस स्टेशनला सुरू झाला एवढं म्हणणं पुरेसं नाही, संबंध का नाही ते बोर्डानेच दाखवावं, असं सांगितलं होतं.

दोन्ही बाजूंचे निकाल शेजारी ठेवले की वकिलाला नाही तरी घरच्यांना एक गोष्ट स्पष्ट दिसते. लढाई निदानावर होत नाही, कारणांच्या त्या दोन-तीन ओळींवर होते. ‘सेवेशी संबंध नाही’ यापुढे ‘कारण’ लिहिलंय का? लिहिलं असेल तर ते या माणसाबद्दल आहे, की कुठल्याही माणसाला चिकटवता येईल असं? बोर्डाचे पेपर हातात आले की पहिली नजर तिथे टाका.

२१ सप्टेंबर २०२३ पासून नवे हक्क नियम आणि नवी मार्गदर्शिका आली आहे. आजार असूनही नोकरी पूर्ण करून निवृत्त होणाऱ्यांच्या रकमेचं नावही त्यात बदललं. माजी सैनिकांच्या संघटनांनी या नियमांना विरोध केला. तुमच्या माणसाला कोणते नियम लागू होतात ते तो सेवेतून कधी बाहेर पडला यावरून ठरतं, म्हणून कुणाचाही निकाल दाखवण्याआधी आपल्या आणि त्या निकालातल्या तारखा जुळवून पाहा.

सरकारचीही एक भीती आहे, आणि ती खोटी नाही. निवृत्त होताना अपंगत्व नोंदवून घेणाऱ्यांचं, विशेषतः अधिकाऱ्यांमधलं, प्रमाण मोठं आहे, याकडे कॅगनेही २०२३ मध्ये लक्ष वेधलं. गैरफायदा घेणारे असतील तर त्यांना जरूर अडवावं. पण रक्तदाबाच्या नोंदीवर करसवलत शोधणारा वरिष्ठ अधिकारी आणि मनोरुग्ण म्हणून नवव्या वर्षी घरी पाठवलेला शिपाई यांना एकाच चाळणीने चाळलं, तर खाली पडतो तो शिपाईच.

आता उपचारांकडे येतो, कारण पेन्शन आणि उपचार या दोन गोष्टी वेगळ्या आहेत असं बाहेरच्याला वाटतं. त्या एकमेकींना बांधलेल्या आहेत.

नोकरीत असताना सैनिकाची तब्येत ‘शेप’ या पाच इंग्रजी अक्षरांत मोजतात. पहिलं अक्षर ‘एस’, ते मनासाठी. त्यात घसरण झाली की कागदावर ‘एस-३ (टी-२४)’ असं काहीतरी येतं, म्हणजे चोवीस आठवड्यांसाठी खालची श्रेणी, मग पुन्हा तपासणी. हत्यार काढून घेतलं जातं. कोर्स, बढती, पुढची मुदतवाढ, सगळ्यावर परिणाम होतो. आणि बॅरेकमध्ये सगळ्यांना कळतं. गुडघ्याचं लो मेडिकल सांगायला कुणाला काही वाटत नाही, मनाचं सांगायला माणूस कचरतो. म्हणून तो लपवतो. लपवतो म्हणून नोंद होत नाही. नोंद नाही म्हणून पुढे बोर्ड म्हणतं, फील्डमध्ये असताना तुम्ही एकदाही तक्रार केली नाही.

बाहेर पडल्यावर माजी सैनिकांसाठी ईसीएचएस ही आरोग्य योजना आहे, २००३ पासून. जिल्ह्याच्या पॉलिक्लिनिकमध्ये जायचं, तिथून पॅनेलवरच्या रुग्णालयाची चिठ्ठी घ्यायची, पैसे भरायचे नाहीत. ज्यांना मिळते त्यांच्यासाठी ती मोठीच सोय आहे. पण छोट्या पॉलिक्लिनिकमध्ये मानसोपचारतज्ज्ञ नसतो. चिठ्ठीसाठी एक खेप, दाखवायला दुसरी, औषधं शिल्लक नाहीत म्हणून तिसरी, आणि ज्याला गर्दीत उभं राहवत नाही त्यालाच या खेपा घालायच्या असतात. बरेच जण दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात औषध सोडतात ते यामुळे.

आणि ईसीएचएसचं सदस्यत्व साधारणपणे पेन्शन मिळणाऱ्यालाच आहे. पंधरा वर्षं भरलेली नाहीत आणि तक्त्यात ‘निरंक’ आहे, तर पेन्शन नाही आणि कार्डही नाही. आजारामुळे काढलं त्याच आजाराचे उपचार त्याने स्वतःच्या खिशातून करायचे. थोडा दिलासा असा की संबंध मान्य झाला नाही तरी दहा वर्षं नोकरी झालेल्याला इनव्हॅलिड पेन्शन असते, आणि जुलै २०२० च्या आदेशाने ४ जानेवारी २०१९ रोजी किंवा नंतर सेवेत असलेल्यांना दहा वर्षांच्या आतही ती मिळू शकते. मात्र माणूस बाहेरच्या नोकरीलाही कायमचा असमर्थ असल्याचं बोर्डाने म्हटलेलं असायला हवं. त्याआधी काढलेल्यांना त्या आदेशाने हे दार उघडलं नाही.

कार्ड नसलं तरी उपचार थांबवू नका. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो, आणि टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक कुणालाही मोफत आहे. सैन्यदलांसाठी टेलि-मानसचा खास कक्ष डिसेंबर २०२३ मध्ये पुण्याच्या एएफएमसी या सैन्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात सुरू झाला. केसपेपर जपून ठेवा, प्रत्येक चिठ्ठी, प्रत्येक औषधाची पावती. आजार सुरूच आहे हे दाखवणारा तोच पुरावा पुढे लागतो. नोकरीत असताना आजार दिसला नव्हता, पण बाहेर पडल्यावर काही वर्षांत उफाळला आणि त्याची मुळं सेवेतच आहेत असं सक्षम डॉक्टरांनी मान्य केलं, तर तोही दावा नियमांत बसतो. बहुतेक घरांना हे माहीत नसतं.

दावा फेटाळल्याचं पत्र आलं की सहा महिन्यांत पहिलं अपील करायचं, रेकॉर्ड ऑफिसमार्फत, म्हणजे जवानाच्या नोंदी ठेवणाऱ्या कार्यालयामार्फत. ते फेटाळलं तर दुसरं. पहिल्या अपिलाआधीच रेकॉर्ड ऑफिसकडून बोर्डाच्या कार्यवाहीची पूर्ण प्रत मागून घ्या, नुसतं एक पान नको. एएफएमएसएफ-१० सुद्धा मागा. कुठे कुठे पोस्टिंग होतं, फील्ड कुठलं, पीस कुठलं, त्याची तारीखवार यादी बनवा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात अर्ज लिहून देतात, ती मदत संकोच न करता घ्या. टक्के कमी लावले असं वाटत असेल तर पुन्हा तपासणी मागता येते. कायमस्वरूपी ठरलेले टक्के सरकार आपणहून पुन्हा उघडत नाही, जवानाने मागितलं तरच उघडतात, म्हणून मागण्यापूर्वी डॉक्टरांशी नीट बोला.

अपिलांनंतर सशस्त्र दल न्यायाधिकरण. २००७ च्या कायद्याने ते झालं, मुंबईत त्याचं खंडपीठ आहे. सदस्यांच्या जागा रिकाम्या राहिल्याने मुंबईचं काम अनेकदा खोळंबलं, तेव्हा वेळ लागेल हे धरून चला. वीस वर्षांपूर्वी काढलंय, आता काय मिळणार, असं म्हणून कपाटात ठेवलेल्या फाइली गावोगावी आहेत. त्या बाहेर काढाव्यात. पेन्शन न मिळणं ही दर महिन्याला नव्याने होणारी हानी आहे, म्हणून उशीर झाला एवढ्यावर दावा मरत नाही. २००८ च्या तरसेम सिंह निकालानंतर मागची थकबाकी मात्र साधारणपणे अर्ज केल्याच्या आधीच्या तीन वर्षांचीच मिळते. अर्ज जितका लांबवाल तितके महिने त्या थकबाकीतून कायमचे गळतात. आणि आदेश हातात आला की पैसे जमा होण्याची वाट न पाहता त्याच आठवड्यात ईसीएचएसच्या कार्डासाठी अर्ज करा. औषधं त्यावरच सुरू होणार आहेत.